तांबं फुकट

जयपूर, २२ एप्रिल २००७

प्रिय दादा,

ई-मेलमध्ये आकृती काढता येत नाही, म्हणून पत्र लिहितेय. माझ्या मराठीला हसू नकोस. शाळेत हिंदी-इंग्रजी शिकलो आपण. मराठी आईने पोळ्या लाटता लाटता शिकवली तेवढीच.

तू फोनवर सांगितल्याप्रमाणे केलेली बीअरची ही खेपही आंबली. आईने झाकण उघडलं आणि नाकाला पदर लावला. मोरीत ओतून टाकलं सगळं. तू फोनवर म्हणालास, यीस्ट खराब असेल. यीस्ट खराब नाहीये, दादा. उकळलेला जवाचा काढा (तू वर्ट म्हण, मी काढाच म्हणणार) गार व्हायला फार वेळ लागतो, ही खरी गोष्ट आहे. तुमच्या बंगळूरला रात्री तरी हवा गार होते. इथे रात्रीसुद्धा भिंती गरम असतात. पातेलं परातीत पाण्यात ठेवलं, ओला टॉवेल गुंडाळला, तरी सकाळपर्यंत कोमटच. तेवढ्या वेळात हवेतलं काय काय त्यात पडतं आणि तुझ्या यीस्टच्या आधी जेवून घेतं.

तू त्या परदेशी कूलिंग कॉइलचा फोटो पाठवलास. किंमत वाचली का? आणि ती घेतली तरी तिच्यातून पाणी कुठलं सोडायचं? नळाला पाणी सकाळी येतं आणि जातं. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी हाताला भाजतं. गरम पाण्याने गरम काढा गार कसा करणार?

मी बघते काहीतरी. कॉलेजातला थर्मल इंजिनीअरिंगचा पेपर तसाही याच विषयावर आहे. स्वस्तात झालं पाहिजे आणि पाणी वाया गेलं नाही पाहिजे, एवढं ठरवलंय.

बाबा रेल्वेच्या लाइन-ड्यूटीवरून परवा येतील. त्यांना अजून तू सांगितलेलं जवाचं सरबतच वाटतंय. मला ते आवडत नाही. रोज सकाळी पंचशील म्हणणारा माणूस, आणि त्याच्या स्वयंपाकघरात हे. तू स्वतः सांगून टाक ना. तुझं ऐकतात.

तू गेल्यापासून घरात बोलायला कोणी नाही. कदाचित म्हणूनच मी हे पातेलं अजून माळ्यावर टाकलं नाही.

तुझी
गौतमी

जयपूर, २० मे २००७

प्रिय दादा,

जमलं!

आकृती सोबत आहे. नीट जपून ठेव, मी दुसरी काढलेली नाही.

मालवीय नगरात फ्रिज-एसी दुरुस्तीचं एक दुकान आहे. तिथे मोडलेल्या एसीतली तांब्याची नळी भंगाराच्या भावात मिळाली. आतून तेलकट होती, म्हणून सोड्याच्या गरम पाण्याने तीनदा धुतली. बाहेरून चिंच लावून घासली, आई बुद्धमूर्तीपुढची समई घासते तशी. मग नळीत बारीक वाळू ठासून भरली, दोन्ही टोकं बंद केली आणि तेलाच्या गोल डब्यावर गुंडाळली. आत वाळू असली की नळी वळते पण चेपत नाही. जयपुरात वाळू विकत घ्यावी लागत नाही, हा आपला फायदा.

आता पाण्याचं. कॉइल काढ्यात बुडवून आधी तिच्यातून टाकीचंच पाणी सोडायचं. ते गरम असलं तरी उकळत्या काढ्यापेक्षा गारच की. काढ्याचं तापमान बऱ्यापैकी उतरतं आणि नळीतून बाहेर येणारं कडक पाणी बादलीत धरायचं. आईने त्यात बाबांचे युनिफॉर्म भिजवले. मग खरी गंमत. आपला खिडकीतला कूलर! त्याच्या टबातलं पाणी वाळ्याच्या ताट्यांवरून फिरून फिरून इतकं गार होतं की हात घातला तर शहारा येतो. बाहेर लूचा कोरडा वारा असला तर आणखी गार. कूलरचाच छोटा पंप काढून त्याची नळी कॉइलला जोडली, आणि पाणी परत टबात. पंखा चालूच. पाव्हण्याला चहा देऊन निरोप द्यावा तेवढ्या वेळात काढा हाताला गार लागला. मी पातेल्याला कानशील लावून बसले होते. आई म्हणाली, "काहून गं, वेडी झाली काय?"

बर्फ नाही, वाया पाणी नाही, महागडं काही नाही. मतलब, ज्याच्या घरी कूलर आहे त्या कोणालाही हे जमेल.

शेजारच्यांचा कॅमेरा मागून फोटो काढलेत, सीडी पाठवतेय. तुझ्या त्या बीअरवाल्या मित्रांना दाखव. कोणी केलं तेही सांगशील ना? कॉलेजात वर्कशॉपला मी एकटी मुलगी आहे. मला हातोडी धरायला देत नाहीत, वही धरायला देतात. तुझे मित्र तरी म्हणू देत की बरं केलंय.

तुझी
गौतमी

जयपूर, ११ ऑगस्ट २००७

दादा,

आज सायबर कॅफेत बसून तुमच्या त्या वेबसाइटचं पान बघितलं. लिंक तू दिली नव्हतीस. मला सर्च करून सापडलं.

माझी आकृती आहे. माझं अक्षर खोडून वर टाइप केलंय, तरी बाणांची टोकं माझीच आहेत. फोटो आपल्या मागच्या अंगणाचे आहेत. दोरीवर बाबांचा युनिफॉर्म आणि भिंतीवर क्वार्टरचा नंबर, दोन्ही दिसतंय. आणि वर लिहिलंय, 'मी जयपूरच्या उन्हाळ्यात बनवलेला डेझर्ट कूलर चिलर.' मी. म्हणजे तू. या उन्हाळ्यात तू जयपुरात एक दिवस तरी होतास का?

खाली किती लोकांनी तुझं कौतुक केलंय. नागपूरचा एक जण, दुबईचा एक जण. एकाने विचारलंय, नळी वाकवताना चेपू नये म्हणून काय केलंत? तू उत्तर दिलंयस, 'अनुभव लागतो.'

मी तिथूनच तुला फोन केला. तू म्हणालास, "अगं, आपल्या घरचंच आहे ना ते? तुझं काय, माझं काय." मग म्हणालास, "त्या साइटवर मुलीचं नाव टाकलं असतं तर लोकांनी कसल्याही कमेंट टाकल्या असत्या. तुझ्याच भल्यासाठी." आणि मग मीटिंग आहे म्हणून ठेवलास.

घरचंच आहे, हे खरं. पण घरचं एकाच्याच नावावर कसं झालं, ते तू सांगितलं नाहीस.

दुसरी गोष्ट. एकाने तांब्याची किंमत विचारली, त्यावर तू लिहिलंयस, 'वडील रेल्वेत, तांबं फुकट,' आणि पुढे डोळा मारणारा चेहरा. ते ताबडतोब काढ. नाव राहू दे तुझं, पण ती ओळ काढ. बाबा एसी डब्यांच्या सेक्शनला आहेत. तीस वर्षांत त्यांनी ऑफिसातली पेन्सिलसुद्धा घरी आणली नाही, हे तुला माहीत आहे. तुझ्या दहावीला कागद हवे होते तेव्हा स्टेशनबाहेरून विकत आणले होते त्यांनी. डोळा मारण्यासारखं त्यात काय आहे?

गौतमी

जयपूर, २ नोव्हेंबर २००७

दादा,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. या वेळी आत आकृती नाही, तेव्हा तुझ्या उपयोगाचं काही नाही. तरी वाच.

बाबांना सस्पेंड केलंय.

ती ओळ तू काढली नाहीस. इथल्या एका पेपरवाल्याला तुझं पान सापडलं. 'जयपूरच्या जावयांनो, घरीच बनवा बीअर' अशा थट्टेच्या मथळ्याखाली त्याने ते छापलं. आपल्या अंगणाचा फोटो, क्वार्टरचा नंबर, आणि हिंदीत तुझं ते वाक्य: 'पिताजी रेलवे में, ताँबा मुफ़्त.' कॉलनीत सकाळी सगळ्यांच्या हातात पेपर. आई दूध घ्यायला गेली तर दूधवाल्या भैयाने विचारलं, "माताजी, हमको कब पिलाओगे?" ती दूध न घेताच परत आली.

दुपारी आबकारीवाले आले, त्यांच्या मागून बाबांच्या ऑफिसचे. पातेलं नेलं, नळी नेली, कूलरचा पंप नेला. सगळ्यावर लाख लावून सील. बीअरचं काय व्हायचं ते दंडावर भागेल, असं ते आबकारीचे साहेबच म्हणाले. पण ऑफिसच्या लोकांना बीअरमध्ये रसच नव्हता. ते नळीच उलटीपालटी करून बघत होते. "पंढरीनाथजी, ये स्टोअर का माल तो नहीं है?" बाबांचा चेहरा मी तुला लिहून सांगू शकत नाही.

त्यांना दोन गोष्टी एकदम कळल्या. घरात दारू बनत होती, आणि आपल्या मुलाने आपल्याला चोर म्हणून जगाला सांगितलंय. दुसरी त्यांना समजेचना. मला दोनदा विचारलं, "संकल्पनेच लिहिलं हे? नक्की?"

आता ऐक. तू घाबरून ते पान काढून टाकलंस. चांगलं केलंस असं तुला वाटत असेल. इथे चौकशीवाले म्हणतात, बघा, काहीतरी लपवायचं होतं म्हणूनच काढलं.

तू ये. चौकशीसमोर उभा राहा आणि म्हण: तांब्याचं वाक्य मी गमतीत लिहिलं. नळी कुठून आली हे मला माहीतही नाही, कारण यंत्र मी केलंच नाही. एवढंच. तुझी नोकरी जाणार नाही, बाबांची वाचेल.

आई रोज विचारते, "पोरगा फोन काहून नाही उचलून राहिला? बिमार तर नाही?" मी सांगते, कामात असेल.

गौतमी

जयपूर, २८ डिसेंबर २००७

संकल्प,

तुझा एसएमएस मिळाला. 'आमच्या नव्या बीअर-कॅफेचं ओपनिंग आहे. पार्टनर म्हणतात आता ते डिझाइन माझं नाही असं लेखी देऊ नकोस. बाबांना सांभाळ.' मी तो बाबांना दाखवला नाही. आईला वाचून दाखवला. ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ चालू राहिला. या घरात पाणी वाया घालवलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

चौकशी झाली. तू आला नाहीस, म्हणून मी गेले.

मालवीय नगरच्या दुकानदाराला आधी भेटले होते. तो म्हणाला, "मैडम, रोज़ कितने लोग आते हैं, कौन याद रखे," आणि शटर अर्धं खाली ओढलं. रेल्वेच्या भानगडीत त्याला पडायचं नव्हतं. म्हणजे साक्षीला कोणी नाही. फक्त मी.

टेबलापलीकडे तीन जण होते. चौकशी अधिकारी वयस्क, बोलायला मऊ. बाबा बाजूला खुर्चीवर, इस्त्रीचा शर्ट घालून. मी म्हटलं, "सर, यह मैंने बनाया है."

त्यांनी चष्मा काढला. "बेटा, भाई को बचा रही हो?"

"नहीं सर. मैंने बनाया है."

"इंटरनेट पर तो उसका नाम है."

बाकीचे दोघं हसले. वाईट हसले नाहीत, कौतुकाने हसले. बहिणीची माया वगैरे. तुझं नाव वाचवायला मी आले आहे, असं त्यांना वाटलं! त्या खोलीत मला इतका राग आला, संकल्प, की क्षणभर बाबांचं काय होणार हेही विसरायला झालं.

मी म्हटलं, "सील खोलने से पहले मेरी बात सुन लीजिए." आणि बंद पोत्यात काय आहे ते सांगितलं. नळीचं सगळ्यात आतलं वळण नीट गोल नाही. तिथे एक चेप आहे, नखाएवढी. ते वळण मी आधी वाळू न भरताच घातलं होतं. चेपलं तेव्हा अक्कल आली. तुला लिहिताना मी हे गाळलं होतं. आपली चूक कोण आकृतीत दाखवतं? म्हणून तुझ्या पानावरही ती नव्हती.

सील तोडलं. अधिकाऱ्यांनी बोट आत घालून चाचपलं आणि माझ्याकडे बघितलं. मग कोणी हसलं नाही.

मी म्हटलं, आता स्टोअरमधून डब्याच्या एसीच्या नळीचा एक तुकडा मागवा. त्यांनी मागवला. जाडी मोजायला कॅलिपर लावला. डब्याची नळी जाड, ही घरगुती एसीची पातळ. त्या मापाची नळी स्टोअरमध्ये कधी आलेलीच नाही. तिसऱ्या माणसाने पुन्हा एकदा मोजलं आणि कॅलिपर खाली ठेवला. चोरीचं तिथेच संपलं.

अधिकारी बाबांना म्हणाले, "आपने पहले क्यों नहीं कहा कि लड़की ने बनाया है?"

बाबा उभे राहिले. "मुझे मालूम नहीं था, सर."

ते खरंच होतं. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. तू सांगितलं नाहीस, मी नाही, आईनेही नाही. त्या कॉइलने गार झालेल्या काढ्यापेक्षा ते शब्द गार होते.

क्वार्टरमध्ये हा प्रकार होऊ दिला म्हणून बाबांवर ताशेरे ओढले गेले आणि बढती थांबली. स्कूटरवर परत येताना टोंक रोडच्या सिग्नलला थांबलो तेव्हा बाबांनी मागे न बघता विचारलं, "तू प्यायलीस का ते कधी?"

"नाही बाबा. चाखलंसुद्धा नाही."

"मग कशाला केलंस?"

"गार होतं का ते बघायचं होतं."

सिग्नल सुटला. मागचे हॉर्न मारत होते तरी त्यांनी स्कूटर लगेच काढली नाही.

गौतमी

जयपूर, ६ जुलै २००८

संकल्प,

हे शेवटचं. उत्तराची वाट बघून लिहीत नाही. आई म्हणाली, त्याला घरचं कळवायला हवं, म्हणून कळवते.

बाबांनी मुदतीच्या आधीच निवृत्ती घेतली. त्यांना परत घेतलं होतं, खुर्चीही तीच होती. पण जेवणाच्या सुट्टीत लोक बोलता बोलता थांबायचे. कोणी तांब्याची नळी उचलली की दुसरा म्हणायचा, "संभालके, पंढरीनाथजी देख रहे हैं." थट्टाच. तुझीही थट्टाच होती. चौकशीत आरोप पुसला जातो, थट्टा कशी पुसायची? ते रोज थोडे थोडे वाकत गेले आणि एक दिवस अर्ज देऊन घरी आले. आता सगळं नागपूरला हलवतोय. आई आणि बाबा पुढच्या आठवड्यात जातील.

मी जाणार नाही. सांगानेरच्या पुढे एका डेअरीच्या दूध शीतकरण केंद्रात मला नोकरी लागली आहे. गावागावातून कोमट दूध येतं, ते फाटायच्या आत गार करायचं. मुलाखतीत त्यांनी विचारलं, अनुभव काय? मी सगळं खरं सांगितलं, आबकारीसकट. समोरची बाई म्हणाली, "बीअरऐवजी दूध तरी लोकांच्या पोटात जाईल." दुसऱ्या दिवशी हजर झाले.

तुझी मेल मिळाली होती. तुमचं गुडगावला नवं दुकान होतंय, उन्हाळ्यात तिथे गार करायला त्रास होतोय, मी यावं, पगार चांगला देशील. खोटं बोलत नाही, एक दिवसभर विचार केला. मला ते काम आवडतं, आणि त्यासाठी तुझ्याइतका पगार कोणी देऊ केलेला नाही. मेलमध्ये शेवटी लिहिलंस, 'जुनं विसर.' माफी या शब्दासाठी मी मेल पुन्हा वरून खाली वाचली. नव्हता. म्हणून नाही म्हणतेय.

आता निरोपसमारंभाचं. आईचं म्हणणं, हे सांगू नकोस. मी सांगणार आहे.

हार घातले, नारळ दिला, समोसे आले. मोठे साहेब नवीन आहेत, त्यांना आधीचं काही माहीत नव्हतं. कोणीतरी लिहून दिलेल्या कागदावरून बोलले. म्हणाले, पंढरीनाथजींचं घर हुशारांचं. त्यांच्या होनहार सुपुत्राने कूलरच्या पाण्यावर चालणारं एक यंत्र बनवलं, देशभर नाव झालं. टाळ्या पडल्या. ज्यांना सगळं माहीत होतं, त्यांनीही वाजवल्या.

बाबांना दोन शब्द बोला म्हणाले. तू त्यांना ओळखतोस, चारचौघांत ते स्वतःचं नावही हळू सांगतात. ते माइकजवळ गेले. हातातला नारळ कुठे ठेवायचा ते त्यांना कळेना, तो तसाच धरून ठेवला. म्हणाले, "सुपुत्र ने नहीं. मेरी बेटी गौतमी ने." आणि आभार न मानताच खाली येऊन बसले.

टाळ्या परत पडल्या, या वेळी माझ्याकडे वळून. वर्षभर मी हेच मागत होते ना? कोणीतरी मोठ्याने म्हणावं, सगळ्यांसमोर. मला वाटलं होतं, ऐकलं की छाती भरून येईल.

मी आईकडे बघितलं. ती टाळ्या वाजवत नव्हती. तिने मांडीवरचा हार दोन्ही हातांनी घट्ट धरला होता आणि फुलं चुरगळत होती, एकेक करून. त्या एका वाक्यात तिला मुलगी मिळाली होती आणि मुलगा गेला होता, आणि तिला कोणी विचारलं नव्हतं की चालेल का.

म्हणून लिहितेय. आई पुढच्या रविवारी सगळं सामान बांधून बसलेली असेल. तू आलास तर बाबा दार उघडतील, बस म्हणतील, त्यापुढे काही बोलतील असं मला वाटत नाही. तरी ये. तिला भेट. तिच्या हातचं जेव.

मला भेटायला थांबू नकोस. मी त्या दिवशी ड्यूटी मागून घेतली आहे.

गौतमी